कात टाकताना पाळीव सापाचे अन्न नाकारणे (गोवा)

कात येऊ लागली की बहुतेक पाळीव साप अन्नाला तोंड लावत नाहीत. पाळणाऱ्याची झोप उडते, पण हा बहुधा आजार नसतो. कात पडली की साप आपणहून खाऊ लागतो. गोव्यात या दिवसांतली देखभाल मुख्यतः हवेतल्या ओलाव्यावर ठरते, आणि तो ओलावा पावसाळ्यात एका बाजूने छळतो, हिवाळ्यात दुसऱ्या.

आधी कायद्याचे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग, घोणस, धामण, अजगर असे देशी साप घरी ठेवणे गुन्हा आहे, मग तो परसातल्या गडग्यात सापडलेला का असेना. त्यामुळे येथे विचार आहे तो परदेशी जातींचा, प्रामुख्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिकेतील कॉर्न स्नेक यांचा. बॉल पायथन साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे आणि ती ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते.

सापाच्या जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार झाली की दोहोंच्या मध्ये द्रव झिरपतो आणि जुना थर सुटू लागतो. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर एकच पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. त्याच्याखाली द्रव साठला की डोळे दुधाळ निळे दिसतात. रंग विटतो, पोट गुलाबीसर होते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि अनुभव नसलेला माणूस इथेच फसतो: कात राहूनच गेली असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती त्यानंतर दोन-चार दिवसांत पडते. साप खरखरीत वस्तूवर नाक घासतो, ओठाजवळ कात फाटते आणि उशीचा अभ्रा उलटा निघावा तशी ती शेपटीपर्यंत सुटत जाते. सगळ्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. वाढती पिल्ले चार-सहा आठवड्यांनी कात टाकतात, प्रौढ साप वर्षातून मोजक्या वेळा. गोव्यात चिऱ्यांच्या गडग्यात अडकलेली कात पाहून ‘केवढा साप!’ म्हणतात, पण निघताना ताणली गेल्यामुळे कात सापापेक्षा लांबच असते.

डोळे धूसर असताना साप स्वतःला असुरक्षित समजतो. तो लपून राहतो, हात लावला तर फुत्कारतो, एरवी गरीब असलेला चावायलाही धावतो. अशा वेळी भक्ष्य पुढे सरकवणे व्यर्थ. जिवंत उंदीर तर पेटीत मुळीच सोडू नये. न खाणाऱ्या सापालाच उंदीर कुरतडतो. गोठवून पुन्हा कोमट केलेला उंदीर काही तासांत खाल्ला नाही तर काढून टाकावा आणि पुढचा घास कात पडून एक-दोन दिवस गेल्यावरच द्यावा. काही साप मात्र कातीतही बिनदिक्कत गिळतात. घरातले वडीलधारे नागपंचमीच्या आठवणीने दूध सुचवतात. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. स्वच्छ पाण्याचे पसरट भांडे तेवढे कायम भरलेले असावे.

बॉल पायथनला एरवी ५० ते ६० टक्के आर्द्रता चालते, कातीच्या वेळी ७० टक्क्यांच्या आसपास लागते. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा स्वतःच याहून दमट असते. तेव्हा पुस्तकात वाचले म्हणून पेटीत रोज पाणी शिंपडणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. तळाशी अंथरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चिंब राहते, पोटावरचे खवले तपकिरी पडतात, फोड येतात, श्वसनाचा संसर्ग होतो. या महिन्यांत शिंपडणे थांबवून हवा खेळती ठेवावी आणि अंथरूण वरचेवर बदलावे. डिसेंबर ते फेब्रुवारीत घाटावरून कोरडा वारा येतो. त्यात खोलीत एसी असला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. अशा वेळी झाकणाच्या डब्याला साप सहज जाईल एवढे भोक पाडून आत ओले शेवाळ किंवा पिळलेला पंचा ठेवला की बहुतेक काम भागते. सगळी पेटी भिजवण्यापेक्षा हा डबा बरा: हवा तेव्हा साप आत जातो, नको तेव्हा कोरड्यात येतो.

पडलेली कात फेकण्याआधी उलगडून पाहावी. डोक्याच्या भागात डोळ्यांच्या दोन वाटोळ्या चकत्या दिसल्या पाहिजेत, शेपटीचे टोकही शाबूत हवे. शेपटीवर राहिलेले कडे आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडते. त्यासाठी सापाला उथळ, कोमट पाण्यात वीसेक मिनिटे देखरेखीखाली ठेवून ओल्या फडक्यातून हलकेच सरकू द्यावे. डोळ्यावर राहिलेली चकती चिमट्याने ओढू नये, खालचा डोळाच जखमी होतो.

कात पडूनही उपवास चालूच राहिला तर कारण दुसरीकडे शोधावे. पेटीचा गरम कोपरा सुमारे ३२ अंश सेल्सिअस आहे का, लपायला जागा पुरेशी आहे का, हे आधी पाहावे. प्रौढ बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीच्या हंगामात कित्येक आठवडे काही न खाता धडधाकट राहतो. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्याला वजन घेऊन वहीत लिहावे. दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली, तोंडातून फेस आला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा.