शिनो मृत्पात्री

शिनो मृत्पात्री : जपानच्या मिनो प्रांतात (सध्याचे गिफू प्रीफेक्चर) सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेली, जाड दुधाळ झिलईची स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजलेली, टणक) भांडी. चहापानविधीतील वाडगे, पाण्याची भांडी आणि खाद्यपदार्थांच्या थाळ्या यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो. झिलईखाली कुंचल्याने चित्र काढण्याची रीत जपानमध्ये याच भांड्यांनी रुजवली, असे मानले जाते.

मोगुसा या फिकट, भरड आणि लोहाचे प्रमाण कमी असलेल्या मातीचे भांडे घडवून त्यावर ‘ओनि-इता’ या लोहयुक्त मातीने नळगवत, तुरे आलेले गवत, बांबूचे कोंब, कुंपण अशी चित्रे मोजक्या फटकाऱ्यांत काढली जात आणि वर फेल्स्पार या खनिजाच्या झिलईचा जाड थर दिला जाई. ओगामा नावाच्या एकदालनी भट्टीत भांडी कित्येक दिवस भाजून सावकाश निवू दिली, की झिलईत सूक्ष्म बुडबुडे अडकून राहतात. त्यामुळे खालचे गवत धुक्याआडून दिसावे तसे अंधूक उमटते, आणि शिनोचे खरे सौंदर्य या अंधूकपणातच आहे. झिलईवर युझू या लिंबाच्या सालीसारखी बारीक छिद्रे पडतात. झिलई पातळ असेल तेथे तांबूस छटा येते. नेझुमी (उंदीर) शिनो या प्रकारात लोहयुक्त मातीचा लेप कोरून आकृती काढतात. ती करड्या पार्श्वभूमीवर पांढरी दिसते. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातील अशा एका थाळ्यावर खडकावर विसावलेला धोबी पक्षी आहे.

मित्सुई स्मारक संग्रहालयातील ‘उनोहानागाकी’ हा वाडगा राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहे. त्यावर कुंपणासारख्या मोजक्याच आडव्यातिडव्या रेषा आहेत. तरी नावाचा अर्थ मात्र ‘उनोहाना या पांढऱ्या फुलांचे कुंपण’ असा आहे, कारण फुले पाहायची ती झिलईच्या शुभ्रपणात.

शिनो भांडी शेजारच्या सेतो येथे बनत, असा समज दीर्घकाळ होता. 1930 मध्ये कुंभार आराकावा तोयोझो (1894–1985) यांनी नागोया येथे बांबूच्या कोंबाचे चित्र असलेला एक जुना वाडगा पाहिला. त्याच्या बुडाशी चिकटलेल्या तांबूस मातीच्या कणामुळे त्यांना या समजाविषयी शंका आली, आणि काही दिवसांतच मिनोतील एका जुन्या भट्टीच्या जागी त्यांना तशाच चित्राचे खापर सापडले. पुढे त्यांनी त्याच परिसरात जुन्या धर्तीची भट्टी बांधून, वारंवार प्रयोग करून शिनो पुन्हा घडवले. 1955 मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.