पखवाज, टाळ आणि गच्चीवरचा इन्व्हर्टर

मे महिन्यात यावलला मामांकडे होतो. भर दुपारी लाइट गेली आणि गच्चीवर सोलर पॅनेल तापत असताना घरातले पंखेही थांबले. "एवढं ऊन पडलंय, मग वीज का नाही?" मामांचा प्रश्न रास्त होता. लाइट आल्यावरही इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरातल्या विजेत मिसळणारा डबा, काही मिनिटं थांबूनच राहिला.

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते. गच्चीवरची वीज त्यात मिसळायची तर नुसता वेग जुळून भागत नाही, पाऊलही जुळावं लागतं. हे पाऊल म्हणजे फेज. विहिरीवरच्या मोटरीची थ्री फेज हीच: तिन्ही तारांतले हेलकावे एकमेकांच्या एक तृतीयांश फेरा मागे.

पाऊल जुळवणाऱ्या सर्किटला फेज लॉक्ड लूप म्हणतात. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीतला टाळकरी आठवा. कान पखवाजावर, हात मागे पडला तर किंचित घाई, पुढे गेला तर जरा दमानं. सर्किटमध्ये कानाच्या जागी फेज डिटेक्टर असतो. बाहेरच्या आणि आतल्या लहरीतला फरक तो मोजतो. हाताच्या जागी ऑसिलेटर. मिळेल त्या व्होल्टेजप्रमाणे त्याची लय चढते-उतरते. मधे फिल्टर बसतो, आणि मला खरं कौतुक त्याचंच. एक थाप वेडीवाकडी ऐकू आली म्हणून जाणता टाळकरी हात बदलत नाही. फिल्टर फार संथ ठेवला तर लय बदलली तरी सर्किट मागेच राहतं. फार उतावळा ठेवला तर तारेतल्या प्रत्येक खरखरीमागे धावतं. इन्व्हर्टरमध्ये हे सगळं आता चिपमधल्या गणितानं होतं.

एका थापेला टाळ चारदा वाजवायचा आणि दर चौथा ठोकाच पखवाजाशी ताडून बघायचा, असं ठरवलं तर? हात चौपट वेगानं चालेल, तरी थापेला बांधलेलाच राहील. लूपमध्ये भाजक घातला की हेच घडतं. मोबाइलमधला क्वार्ट्झ सेकंदाला काही कोटी वेळा थरथरतो. त्यावरून अब्जावधी कंपनांची रेडिओलहर अशीच बांधली जाते. फ्रेंच इंजिनिअर आंरी द बेलसीझ यांनी 1932 मध्ये रेडिओसाठी फेज लॉक्ड लूपची मूळ कल्पना मांडली होती.

लाइट गेली की पखवाजच थांबतो. बॅटरी नसलेला असा इन्व्हर्टर तेव्हा मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातल्या तारेत गच्चीवरची वीज उतरेल. लाइट परतली की व्होल्टेज आणि लय ठरल्या मर्यादेत टिकते का, हे तो काही काळ पाहतो आणि मगच जोडून घेतो. त्या दुपारी पंखे आधी फिरू लागले. मग इन्व्हर्टरही भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातल्या, मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या जनित्रांच्या तालात सामील झाला.