नांदीच्या आधीचा हिशेब

बेळगावातलं आमच्यासारखं एखादं हौशी संगीत नाट्यमंडळ घ्या. घटनेत ‘ना नफा, ना तोटा’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्यातला पहिला अर्धा भाग तंतोतंत पाळला जातो. दुसऱ्या भागाचं रडगाणं मात्र संगीत नाटकाइतकंच जुनं आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातले. जन्म १८४३, सौंदत्ती तालुक्यातलं गुर्लहोसूर. बेळगावात त्यांनी मास्तरकी केली. ‘शारदा’ लिहिणारे देवल त्यांचेच शिष्य. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्यांचं संगीत नाटक ‘शाकुंतल’ उभं राहिलं तेव्हा अण्णासाहेब सरकारी कचेरीत नोकरीला होते. म्हणजे संगीत नाटकाचा पाया हौशी माणसानेच घातला, हे आम्ही जरा मिरवून सांगतो. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. त्यातल्या पदांत कानडी चाली मिसळल्या आहेत. इथल्या प्रेक्षकाला त्या परक्या वाटतच नाहीत. १८८५ मध्ये अण्णासाहेब गुर्लहोसूरलाच वारले.

पुढे धंदेवाईक कंपन्या आल्या. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली ती १९०८ साली हुबळीत, वय जेमतेम सतरा. कंपनी म्हणजे चालतंबोलतं बिऱ्हाड: नट, साजिंदे, आचारी, पडदे, कपडेपट, ट्रंका आणि रेल्वेचं भाडं. पावसाने मुक्काम लांबला की तिकीटविक्री थांबे, पंगती थांबत नसत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव यांचं संयुक्त ‘मानापमान’ झालं, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. मग बोलपट आले. कर्जात बुडालेले बालगंधर्वही १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’साठी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्यांचंच असं झाल्यावर बाकीच्यांचं काय विचारता?

नाटक पुन्हा हौशी मंडळींच्या गळ्यात आलं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. प्रेक्षक मराठी, सरकारदरबार कानडी. अनुदानाचा अर्ज कुठल्या दारात न्यायचा, यावर आमच्या मंडळात चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या आहेत. २०१५ मध्ये नाट्यसंमेलन बेळगावात भरलं, अध्यक्ष फैय्याज. तीन दिवस गाव नाटकमय झालं. मांडव उतरल्यावर तालमीला जागा शोधणं आलंच.

गद्य नाटक दोन खुर्च्यांवर निभावतं. संगीत नाटकाला ऑर्गन लागतो, तो वाजवणारा लागतो, आणि गाता येणारा नट अभिनयही करणारा लागतो. आमची पायपेटी एका सभासदाच्या माडीवर आहे. भात्याला दोनदा कातडं लावून झालंय, काळी चार दाबली की ती आधी खोकते, मग सूर देते. गेल्या तालमीत सुभद्रेने त्या खोकल्याचा अंदाज घेऊन पद अर्धी मात्रा उशिरा उचललं. तबलजी हसला, पण ठेका सोडला नाही. दुरुस्तीची वर्गणी अजून गोळा व्हायची आहे.