चाळकेवाडीच्या सड्यावरचा सरडा

साताऱ्याहून सज्जनगड आणि ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर पोचलं की आधी पवनचक्क्याच नजरेत भरतात. खाली उघडा, तापलेला जांभा; अशा कातळपठारालाच सडा म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात तिथे उन्हात जरा थांबा आणि खडकांकडे बघत राहा.

शेपूट वगळता जेमतेम बोटभर लांबीचा, मातकट सरडा दगडावर चढतो. पुढचं अंग उचलतो, आणि गळ्याखाली घडी घालून ठेवलेली कातडी पंख्यासारखी उघडते. निळा, काळा, नारिंगी! मिटते, पुन्हा उघडते. हा नर. मादीला बोलवायचं आणि शेजारच्या नराला हद्द दाखवायची, दोन्ही कामं हा पंखा करतो. मादी मात्र साधी, मातीत मिसळून जाणारी.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानली आणि तिचं शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवलं. हा आपला मराठी शब्द आता जगभरच्या शोधनिबंधांत लिहिला जातो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. चाळकेवाडीची जात ‘सरडा सुपर्बा’.

याच पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासोबत एक साधा प्रश्न विचारला: पवनचक्क्यांखाली या सरड्यांचं काय होतं? त्यांनी चक्क्या असलेला आणि नसलेला असे पठाराचे दोन्ही भाग तपासले. चक्क्यांच्या भागात तिसा, कापशी यांसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. फिरत्या पात्यांच्या आसपास ते फिरकत नाहीत. साहजिकच खाली सरडे कितीतरी जास्त.

संख्या वाढली म्हणजे बरंच झालं, असं वाटेल. पण सरडे हाती घेऊन तपासल्यावर वेगळंच दिसलं. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळत नव्हते. भीतीच उरली नव्हती. मात्र अंगानं ते रोडावलेले होते. तेवढ्याच जागेतल्या किड्यांना आता खाणारी तोंडं जास्त. आणि नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले होते. पंख्याचा रंग चढायला पोटात अन्न लागतं.

२०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी पवनचक्कीला अन्नसाखळीत सर्वांत वरच्या शिकाऱ्याची जागा दिली. ती सरड्याला हात लावत नाही, त्याच्या शत्रूला फक्त दूर ठेवते. तेवढ्यानं खालचं सगळं हलतं. सडा म्हणजे ‘पडीक जमीन’ असं सरकारी दप्तरात सर्रास लिहिलं जातं, आणि ते मला खटकतं. झाडं नाहीत म्हणून तो रिकामा कसा? त्याच दगडांवर मे महिन्यातला तो निळा-नारिंगी पंखा उघडतो, आणि तो किती गडद असेल हे वर आभाळात कापशी तरंगते आहे की नाही यावर ठरतं.