बुटक्या समुद्रघोड्यांचे मत्स्यालय

बुटक्या समुद्रघोड्यांचे मत्स्यालय : हिप्पोकॅम्पस झोस्टेरी या जातीचे, जेमतेम २ ते २.५ सेंमी. उंचीचे समुद्रघोडे घरी पाळण्यासाठी मांडलेली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी. मेक्सिकोचे आखात, फ्लोरिडाचा किनारा आणि बहामा बेटे यांच्या भोवतालच्या उथळ समुद्री गवतात ही जाती आढळते. ताशी दीड मीटरच्या आसपास वेग असल्याने तो जगातील सर्वांत संथ मासा मानला जातो. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेले अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकते, त्यामुळे तो दिवसभर खात राहतो, आणि तेही जिवंत, हलणारे अन्नच. त्याच्यासाठी टाकी मांडणे फारसे अवघड नाही. खरे काम टाकीशेजारी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखा बारीक जीव, माशांचे जिवंत अन्न) उबवण्याच्या बाटल्यांत असते आणि ते रोजचे असते. ज्याला हे जमणार नाही, त्याने दुसरा मासा निवडावा.

टाकी आणि पाणी : २० ते ४० लिटरची टाकी पुरते. याहून लहान टाकीत तापमान आणि क्षारता तासातासाला हलतात. मोठ्या टाकीत अन्न पांगते आणि हे मासे ते शोधत फिरत नाहीत. २० लिटरमध्ये सहा ते आठ मासे सुखाने राहतात. गाळणीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर वापरावा. टाकीच्या काठावर टांगायचा फिल्टर अन्न ओढून घेतो आणि पिलेही. बुडबुडे मोठे असावेत, म्हणून एअर स्टोन न लावता नळीचे तोंड उघडेच ठेवतात. बारीक बुडबुडे मासे अन्नाबरोबर गिळतात. नराच्या पोटावर पिले वाढवण्याची पिशवी असते; तिच्यात हवा साठली, तर तो पृष्ठभागाशी तरंगत राहतो आणि खाली उतरू शकत नाही.

आरओ पाण्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२२ ते १.०२५ राखावे. तापमान २२ ते २४ अंश से. आणि पीएच ८ ते ८.४ असावा. तापमान याच्या बरेच वर गेले की व्हिब्रिओ गटातील जीवाणू फोफावतात आणि शेपटीवर, मुस्कटावर जखमा दिसू लागतात. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना साधे आरओ पाणीच घालावे. मिठाचे पाणी घालत गेल्यास क्षारता चढत जाते.

मासे आणण्यापूर्वी चार ते सहा आठवडे टाकी रिकामी चालवतात. या काळात अमोनियाची मात्रा २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) नेऊन ठेवायची. एवढा अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर आले की स्पंजात माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जीवाणू रुजले असे समजावे. शेपटी गुंडाळायला बारीक आधार हवेत : किटोमॉर्फा किंवा ग्रॅसिलारिया शैवाल, नाहीतर प्लॅस्टिकची बारीक पानांची रोपे. कॉलर्पा हे शैवाल दिसायला सुरेख. पण ते अचानक पांढरे पडून विरघळते आणि एका रात्रीत पाणी नासवते.

अन्न : नुकती उबलेली आर्टेमियाची पिले हे मुख्य अन्न. अंड्यांचे कवच आधी काढलेले बरे. अंडी तासभर गोड्या पाण्यात भिजवून ब्लीचमध्ये ढवळत राहायचे. तपकिरी रंग आधी राखाडी आणि मग नारिंगी होतो. नारिंगी दिसताच गाळून भरपूर धुवायचे आणि सोडियम थायोसल्फेटने उरलेले क्लोरीन मारायचे. मिश्रण तापते, म्हणून भांडे थंड पाण्यात ठेवावे. या खटाटोपाचे दोन फायदे : रिकामी कवचे माशांच्या आतड्यात अडकत नाहीत, आणि अंड्यांवर चिकटून येणारे नको ते जीव मरतात.

तळ कापून उलटी टांगलेली प्लॅस्टिकची बाटली उबवणीला उत्तम. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, १ ते २ ग्रॅम अंडी, २६ ते २८ अंश से. तापमान, सतत जोरदार हवा आणि उजेड मिळाला की १८ ते २४ तासांत पिले बाहेर येतात. हवा दहा मिनिटे बंद केली की ती उजेडाकडे गोळा होतात. नळीने ओढून बारीक जाळीत घ्यावीत आणि गोड्या पाण्याने धुवावीत. बाटलीतले पाणी कधीही टाकीत ओतू नये. दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावल्या, तर सकाळ-संध्याकाळ ताजे अन्न मिळते. ताजेपणाला महत्त्व आहे, कारण पिले आपल्या बलकावर जगतात आणि तासागणिक त्यांचा कस उतरतो. पहिली कात टाकल्यावर त्यांचे तोंड उघडते. तेव्हापासून काही तास मेदाम्लयुक्त पूरक अन्न देऊन त्यांना पुन्हा सकस करता येते.

दिवसातून किमान दोनदा खायला घालावे. दिवा टाकीच्या बाजूला असेल, तर आर्टेमिया एका कोपऱ्यात दाटते आणि पलीकडचे मासे उपाशी राहतात; दिवा वरून हवा. पुढच्या वेळेपर्यंत पाण्यात थोडी आर्टेमिया उरली, तर प्रमाण बरोबर. ढग उरत असेल तर कमी करावी. समुद्रघोड्याच्या डोक्याच्या घडणीमुळे मुस्कटापुढचे पाणी फारसे हलत नाही आणि भक्ष्याला चाहूल लागत नाही. म्हणूनच झटकन निसटणारे कोपेपॉड (पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव) तो सहज टिपतो. ते मधूनमधून दिल्यास अन्नात विविधता येते.

हायड्रॉइड : जेलीफिशच्या गोतातला हा डंख मारणारा बारीक जीव म्हणजे टाकी बुडवणारा सर्वांत मोठा शत्रू. काचेवर धाग्यासारखे देठ आणि टोकाला बारीक दोऱ्यांचा झुबका दिसला की तो हायड्रॉइड. तो माशांसाठी घातलेल्या आर्टेमियावरच पोसला जातो, म्हणून जितके चांगले खायला घालावे तितका तो वाढतो. पिले त्याच्या डंखाने मरतात, मोठ्यांना जखमा होतात. तो बहुधा जिवंत खडक (समुद्रातून त्यावरील जीवांसकट आणलेला खडक), शैवाल किंवा दुसऱ्या टाकीतील पाण्याबरोबर शिरतो. म्हणून खडक कोरडाच घ्यावा आणि शैवाल आधी वेगळ्या बरणीत ठेवून पाहावे. खरवडून उपयोग होत नाही, कारण तुटलेल्या तुकड्यांतून नवे उगवतात. फेनबेंडाझोल हे जंतनाशक त्यावर चालते. समुद्रघोड्यांना ते सोसते. मात्र अनेक गोगलगायी, उपयुक्त कृमी आणि प्रवाळ त्याने मरतात. सच्छिद्र खडकात ते दीर्घकाळ मुरून राहते, त्यामुळे अशा टाकीत पुढे प्रवाळ ठेवण्याचा विचार सोडावा. औषधानंतर मेलेले जीव कुजून अमोनिया चढतो. रोज तपासून पाणी बदलत राहावे.

सोबती आणि पिले : सोबतीला दुसरे मासे नकोत, कोणताही चपळ मासा त्यांचे अन्न पळवतो. लहान गोगलगायी चालतात. मासे मत्स्यालयात जन्मलेलेच घ्यावेत. समुद्रघोड्यांच्या सर्व जाती २००४ पासून साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

मादी नराच्या पिशवीत अंडी घालते आणि दहा-बारा दिवसांनी नर पिलांना जन्म देतो. मोठ्या जातींची पिले वाढवायला वेगळी टाकी लागते. इथे ती लागत नाही. ही पिले जन्मताच शेपटीने आधार पकडतात, पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात आणि आई-बाप त्यांना खात नाहीत. सुमारे तीन महिन्यांत ती स्वतः प्रजननक्षम होतात. आयुष्य साधारण वर्षभराचे असल्याने टाकी पुढे चालते ती याच पिलांवर. एकाच कुळातील वीण टाळण्यासाठी अधूनमधून दुसऱ्या पाळणाऱ्याकडून मासे बदलून घ्यावेत.