सॉफ्टवेअर डिस्क मिररिंग

तोच डेटा एकाच वेळी दोन किंवा अधिक डिस्कवर लिहिण्याची पद्धत. हे काम वेगळ्या कंट्रोलर कार्डाऐवजी ऑपरेटिंग सिस्टीम करते तेव्हा त्याला सॉफ्टवेअर मिररिंग म्हणतात. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’च्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीच्या, पातळ्या मांडल्या, त्यांतली पहिली हीच, वापर मात्र त्याआधीपासूनचा. लिनक्समध्ये एमडी ड्रायव्हर आणि तो हाताळणारा एमडीएडीएम हा प्रोग्राम, फ्रीबीएसडीत जीमिरर, ओपनबीएसडीत सॉफ्टरेड अशी साधने आहेत. झेडएफएस ही फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे तिला कळते. साध्या एमडी मिररला ते कळत नाही.

मुंबईत डिस्कची जोडी बहुधा लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून येते. दुकानदार एकाच लॉटमधल्या दोन काढून देतो. त्या शक्यतो घेऊ नयेत. लॉटमध्ये दोष असला तर तो दोन्हींत असतो, आणि एक गेल्यावर जोडी पुन्हा उभारताना उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते, नेमकी तेव्हाच तीही जाऊ शकते. दोन कंपन्यांच्या घेतल्या तर आकारात थोडा फरक निघू शकतो, म्हणून पार्टिशन करताना शेवटी थोडी जागा सोडावी.

चालू सर्व्हरवर मिररिंग बसवणे हा खरा कसोटीचा भाग. फोर्टमधल्या एखाद्या सीए ऑफिसचा लिनक्स सर्व्हर घ्या. नव्या डिस्कवर मिरर तयार करताना दुसऱ्या डिस्कच्या जागी ‘मिसिंग’, म्हणजे ती अजून नाही, असे लिहितात. या अर्ध्या जोडीवर सगळा डेटा कॉपी होतो, एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टीम) बदलतात, मशीन त्यावरूनच बूट करून पाहतात. मगच जुनी डिस्क जोडीत घालायची, कारण घालताक्षणी तिच्यावरचा मजकूर पुसला जाऊ लागतो. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा बूटलोडर दोन्ही डिस्कवर हवा. तो पहिलीवरच राहिला आणि तीच गेली, तर डेटा शाबूत असूनही मशीन उठत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तशी ती अचानक गेली तर दोन प्रतींत तफावत राहू शकते आणि रीसिंक, म्हणजे दोन्ही पुन्हा जुळवणे, लागते. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने ४ टीबीला सात तासांहून अधिक लागतात. बिटमॅप, म्हणजे कुठले भाग बदलत आहेत याची नोंद, ठेवला असेल तर फक्त तेवढे भाग जुळवले जातात आणि काम बरेच लवकर आटोपते.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मुंबईकराला तरी समजावून सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. तसे पाणी तळमजल्यावर शिरले तर एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क बुडणार. चुकून डिलीट केलेली फाइलही दोन्हींवरून त्याच क्षणी जाते.

एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधल्या एमडीस्टॅट फाइलीत दोन ‘यू’ दिसले तर जोडी ठीक. एकाच्या जागी अधोरेषा आली की डिस्क बदलायची. एमडीएडीएमचा मॉनिटर चालू ठेवला तर मेल येतो. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात, तेव्हा डिस्क ओढण्याआधी सीरियल नंबर ताडून पाहावा. डिस्कच्या ट्रेवर त्याचा स्टिकर असेल तर चुकून चांगली डिस्क ओढली जात नाही.