रात्रीची क्वार्टर, सकाळची फुंक

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची यात्रा म्हणजे रात्री मटणाचं जेवण आणि मग पाहुण्यांची बैठक. गेल्या यात्रेला माझ्या चुलतभावाने अकराच्या सुमारास क्वार्टर संपवली, गाढ झोपला आणि पहाटे उठून अंघोळ, चहा उरकून मोटारसायकलवर बेळगावला निघाला. सहा वाजता शहराच्या वेशीवर पोलिसांनी अडवलं. "ऊद्री," म्हणजे कानडीत 'फुंका', म्हणत यंत्राची नळी तोंडापुढे धरली. आकडा आला ४२.

"साहेब, रात्रीची होती, कधीच उतरली," दादा शपथेवर सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला भीती वाटते ती याचीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे शिनोळीला महाराष्ट्रात शिरा नाहीतर चोर्ला घाटाने गोव्यात उतरा, मर्यादा तीच.

आता दादाचा हिशोब मांडू. क्वार्टर १८० मिलीलिटरची, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६१ ग्रॅम. अल्कोहोल चरबीत फारसं जात नाही, शरीरातल्या पाण्यात पसरतं. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३०च्या दशकात बसवलेल्या सूत्राने ६० किलोच्या पुरुषाच्या रक्तात हा आकडा १५०च्या जवळ जातो. साठ मिलीलिटरचा एकच पेग घेतला तरी तो ५०च्या आसपास येतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूने तिचा आकडा आणखी वर चढतो.

चढायला तासभर पुरतो, उतरायला रात्र पुरत नाही. यकृतातलं विकर अल्कोहोल मोडतं, पण थोड्याशा दारूनेच त्याचे हात भरून जातात. मग पुढ्यात कितीही माल पडलेला असो, ते आपल्याच चालीने काम करतं: दर १०० मिलीलिटर रक्तामागे तासाला सरासरी १५ मिलीग्रॅम. सात तासांत १०५ गेले, ४५ उरले. लिंबूपाणी, ताक, कडक चहा, गार पाण्याची अंघोळ यांनी डोळे उघडतात, पण यकृताची चाल वाढत नाही. झोपेनेही नाही.

उरलेल्या त्या ४५नेही लक्ष ढळतं. एका वेळी आरसा, खड्डा आणि आडवी येणारी म्हैस सांभाळायची ताकद आधी जाते, तोल नंतर. ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

आणि यंत्राला हे कळतं कसं? फुप्फुसात रक्त आणि हवा अगदी पातळ पडद्याआड एकमेकांना भिडतात, तिथून अल्कोहोल श्वासात उतरतं. श्वासातल्यापेक्षा रक्तात ते सुमारे २१०० पट असतं, हे प्रमाण धरून यंत्र आकडा काढतं. यंत्रात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यावर अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल होतं आणि बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. अल्कोहोल जास्त, तर प्रवाह जास्त. वेलची चघळून वास झाकेल, फुप्फुसातून येणारं अल्कोहोल झाकत नाही.

दादाच्या रक्तातलं अल्कोहोल शून्यावर यायला सकाळचे नऊ वाजले असते. या वर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने गाडीची चावी पिठाच्या डब्यात ठेवली आणि दुपारचं जेवण झाल्यावरच बाहेर काढली.